इनुइट वस्तीत को-ऑप नेमकं काय करते?

प्रश्न असा आहे: कॅनडाच्या अतिउत्तरेला इनुइट लोकांच्या वस्त्यांमध्ये सहकारी संस्था आहेत म्हणतात. पण जिथे रस्ता पोचत नाही आणि लोकसंख्या पाचशे-हजार, तिथे सहकार टिकतो कसा? आणि किराणा विकण्यापलीकडे वस्तीच्या जगण्यात त्याने काही फरक पडतो का?

पडतो, आणि बराच. दुकान हा फक्त दर्शनी भाग. त्याच संस्थेच्या ताळेबंदात हॉटेल असतं, घरोघरी तेल पोचवणारा टँकर असतो, केबल टीव्ही असतो, लोडर आणि ट्रक असतात, कोरीव कामाची खरेदी असते, काही ठिकाणी टपाल कार्यालय किंवा विमान कंपनीची एजन्सीही असते. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की साखर कारखाना डोळ्यासमोर येतो. ते चित्र बाजूला ठेवा. गावची विविध कार्यकारी सोसायटी घ्या, तिला लॉज, पेट्रोल पंप आणि हस्तकला भांडार जोडा, आणि गावात जहाज उन्हाळ्यात मोजक्या वेळाच येतं असं धरा, म्हणजे अंदाज येईल. पण या सगळ्या सेवांपेक्षा मला एक गोष्ट मोठी वाटते. वस्तीत आलेल्या पैशाचं पुढे काय करायचं, हे वस्तीतल्याच माणसांनी आपल्या भाषेत, मतदान करून ठरवायची अनेक ठिकाणी ही पहिली जागा होती.

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९५० च्या सुमारास बहुतेक इनुइट कुटुंबं किनाऱ्यालगतच्या छोट्या तळांवर विखुरलेली होती. एका तळावर नात्यातली काही घरं आणि एक जाणता म्होरक्या. हडसन्स बे कंपनीच्या ठाण्यावर पांढऱ्या कोल्ह्याची कातडी द्यायची आणि पीठ, चहा, तंबाखू, काडतुसं घ्यायची. हिशेब कंपनीच्या वहीत, भाव कंपनीचा, उधारी द्यायची की नाही तेही कंपनीच ठरवणार. दुसऱ्या महायुद्धानंतर कोल्ह्याच्या कातडीचा भाव कोसळला आणि ही व्यवस्था पोकळ झाली. १९५७-५८ च्या हिवाळ्यात हडसन उपसागराच्या पश्चिमेकडे, गॅरी लेक आणि हेनिक लेकच्या भागात, कॅरिबू (उत्तरेतलं रानटी रेनडिअर) न मिळाल्याने माणसं उपासमारीने दगावली. ओटावातलं सरकार हललं ते या काळात. उत्तरेच्या कारभाराचं जे खातं होतं त्यात डॉन स्नोडन नावाचे अधिकारी होते. कुठल्या भागात काय पिकतं, किती मासा आहे, किती सील आहे याची पाहणी करायची, स्थानिक लोकांना सरकारी कर्जनिधीतून भांडवल द्यायचं आणि धंदा त्यांच्या सहकारी संस्थेच्या नावावर करायचा, अशी त्यांच्या विभागाची पद्धत होती.

पहिल्या संस्था १९५९ मध्ये उभ्या राहिल्या. क्युबेकच्या उत्तरेला उंगावा उपसागरावर जॉर्ज नदीच्या मुखाशी कांगिकसुआलुजुआक इथे ‘आर्क्टिक चार’ नावाच्या, सॅल्मनच्या कुळातल्या माशावर संस्था निघाली. मजेची बाब अशी की तिथे आधी संस्था आली आणि गाव नंतर. आजूबाजूच्या तळांवरच्या कुटुंबांनी एकत्र येऊन मासेमारी सुरू केली. त्या भागात झाडांची शेवटची रेषा असल्याने लाकूडही मिळत होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घरं उभी राहायला लागली.

चार मासा हा सहकाराचा चांगला धडा आहे, कारण त्यात यश आणि फसगत दोन्ही एकाच नदीत सापडतात. हा मासा हिवाळा तळ्यात काढतो, बर्फ फुटलं की समुद्रात उतरतो, काही आठवडे चरून लठ्ठ होतो आणि उन्हाळा सरता सरता पुन्हा नदीने वर चढतो. पकडायचा तो चढताना, कारण तेव्हा अंगात चरबी असते आणि दक्षिणेकडच्या हॉटेलांना तोच हवा असतो. जाळ्यातून काढल्यावर लगेच पोट साफ करून गोठवला नाही तर मांस मऊ पडतं आणि भाव निम्म्यावर येतो. म्हणजे जाळ्याच्या जवळच शीतपेटी हवी, तिला वीज हवी, आणि विमान किंवा होडी ठरल्या दिवशी आली पाहिजे. पण खरी अडचण माशाच्या वाढीची आहे. थंड पाण्यात त्याला मोठं व्हायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. एका नदीवर सलग दोन-तीन हंगाम जोरात जाळी टाकली की पहिल्या वर्षी भरपूर, दुसऱ्या वर्षी लहान मासा, तिसऱ्या वर्षी रिकामी जाळी. म्हणून नदीवार कोटा आणि नद्या आलटून पालटून वापरणं हे पुढे रूढ झालं. केंब्रिज बेच्या इकालुक्टुटियाक संस्थेचा मासळी व्यवसाय अशाच नदीवार कोट्यांवर उभा राहिला.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. “इनुइट लोक मुळातच वाटून खाणारे, म्हणून सहकार त्यांना सहज जमला” असं वाक्य बऱ्याच लेखांत येतं. सील मारला की ठरलेल्या भागीदारांना ठरलेले तुकडे द्यायचे ही रीत खरी आहे आणि आजही चालते. पण ती नात्याच्या आणि जोडीदारीच्या आत चालते. वस्तीत मात्र आठ-दहा वेगवेगळ्या तळांवरची कुटुंबं येऊन राहिली होती. त्यांचं एकमेकांशी वैर नसलं तरी देणंघेणंही फारसं नव्हतं. अनोळखी शेजाऱ्याच्या उधारीची जबाबदारी आपल्या भागभांडवलावर घ्यायची ही कल्पना वाटपाच्या रीतीतून आपोआप येत नाही. शिवाय रीतीनुसार जे वाटायचं तेच संस्थेला विकायचं, यात उघड ओढाताण होती. बऱ्याच वस्त्यांनी यातून व्यवहारी मार्ग काढला: व्यापारी मासेमारीचा मासा संस्थेचा, घरच्या जाळ्यातला मासा घरचा आणि पाहुण्यारावळ्यांचा. संचालक मंडळावर प्रत्येक मोठ्या तळातलं एक तरी माणूस असावं, ही अलिखित काळजीही त्यामुळेच घेतली गेली.

आता कलेविषयी, कारण बाहेरच्या जगाला इनुइट सहकार माहीत आहे तो बहुधा तिच्यामुळेच. बॅफिन बेटाच्या नैऋत्य टोकावरचं केप डॉर्सेट, ज्याचं अधिकृत नाव २०२० पासून किन्नगाइट आहे, तिथे जेम्स ह्यूस्टन या कॅनडियन चित्रकाराने १९५७ मध्ये छापचित्रांचे प्रयोग सुरू केले. १९५८ मध्ये ते जपानला जाऊन उनिची हिरात्सुका यांच्याकडे लाकडी ठशांचं तंत्र शिकून आले. १९५९ मध्ये पहिला वार्षिक संच निघाला आणि वेस्ट बॅफिन एस्किमो को-ऑपरेटिव्ह आकाराला आली. सुरुवातीच्या वर्षांत अध्यक्ष होते कनान्गिनाक पूटूगूक. त्यांचे वडील पूटूगूक हे त्या भागातले नावाजलेले तळप्रमुख होते, त्यामुळे जुना मान आणि नवी निवडणूक यांची सांगड तिथे लवकर बसली. टेरी रायन यांनी १९६० पासून अनेक दशकं व्यवस्थापन पाहिलं. तिथल्या चित्रकार केनोजुआक अशेवाक यांचं १९६० चं ‘एन्चँटेड आउल’ हे घुबड १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं.

काम चालतं ते असं. चित्रकार घरी बसून कागदावर रेखाटन करतो किंवा करते आणि संस्थेला विकते. पैसे तिथल्या तिथे. संस्था त्यातली मोजकीच रेखाटनं छापायला निवडते. निवडलेलं चित्र घासून सपाट केलेल्या दगडावर उतरवलं जातं. ठसा कोरणारा नको तेवढा भाग खोल करतो. उरलेल्या उंच भागावर रोलरने शाई लावतात. वर पातळ जपानी कागद ठेवून हाताने घासून ठसा घेतात. साधारण ५० प्रती काढल्या की दगड पुन्हा घासून दुसऱ्या चित्राला घेतात, म्हणजे एक्कावन्नावी प्रत कधीच निघत नाही. विक्री दक्षिणेत, १९७८ पासून टोरांटोमधल्या डॉर्सेट फाइन आर्ट्स या संस्थेच्याच शाखेतून.

या साखळीत पैसा कुठे अडकतो ते बघण्यासारखं आहे. चित्रकाराला आज पैसे दिले, ठसा काही महिन्यांनी तयार होतो, संच शरद ऋतूत प्रदर्शित होतो, गॅलऱ्या त्यानंतर बिल भरतात. म्हणजे वर्ष-दीड वर्ष संस्थेचं भांडवल बाहेर. आणि न निवडलेली रेखाटनंही विकत घेतलेलीच असतात. किन्नगाइटच्या संस्थेकडे अशी जवळपास १ लाख चित्रं जमली. ती नंतर ओंटारिओतल्या मॅकमायकेल संग्रहालयाकडे जपणुकीसाठी ठेवली गेली. नफ्यातोट्याच्या भाषेत हा मृत साठा होय. पण ज्या घरात शिकारीचं उत्पन्न आटलं होतं, तिथे दर आठवड्याला चार रेखाटनं विकली की पीठ आणि काडतुसं येत होती, आणि ती बहुतेक वेळा घरच्या बाईच्या हातची असायची. संस्थेने हा खर्च समजून-उमजून सोसला, असं माझं मत आहे.

कोरीव कामात चूक वेगळी होते. काउंटरवरचा खरेदीदार नवा असेल तर तो वजन-आकारावर भाव लावतो, कारण ते मोजायला सोपं. महिनाभरात वस्तीला हे कळतं आणि मोठाले, ओबडधोबड अस्वलांचे ढीग यायला लागतात. बारीक काम करणारा नाराज होऊन दुसऱ्या दुकानात जातो. उपाय एकच, आकारावर फक्त किमान किंमत ठेवायची आणि त्यावर कौशल्यासाठी भाव वाढवायला भरपूर जागा ठेवायची. शिवाय दक्षिणेतल्या घाऊक विक्रेत्याकडून काय विकलं गेलं नाही याची यादी दर तिमाहीला मागवून काउंटरवर लावायची. नकलांपासून वाचायला १९५८ पासून इग्लूचं चित्र असलेला सरकारी टॅग आहे. २०१७ पासून तो इनुइट आर्ट फाउंडेशनच्या ताब्यात आहे.

हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर पुविर्निटुकमध्ये सगळं जरा वेगळ्या अंगाने घडलं. तिथे १९५८ मध्ये कोरीव काम करणाऱ्यांची मंडळी स्थापन झाली. फादर आंद्रे स्टाइनमन आणि हडसन्स बे कंपनीची नोकरी सोडून आलेले पीटर मर्डॉक यांची तिला साथ होती. १९६० मध्ये तिची सहकारी संस्था झाली. सरकारपेक्षा स्वतःच्या कमाईवर उभी राहिल्यामुळे या संस्थेचा ताठा पहिल्यापासून वेगळा होता. त्याचं राजकीय फळ १९७५ मध्ये दिसलं. सरकार आणि तिथल्या मूळ लोकांमधल्या जेम्स बे आणि उत्तर क्युबेक करारात जमिनीवरचे मूळ हक्क सोडून देण्याची अट होती. पुविर्निटुक आणि इवुयिविक ही गावं आणि सालुइटमधले काही लोक यांनी त्यावर सही करायला नकार दिला, आणि त्या विरोधाचा कणा सहकारी चळवळीतली माणसं होती. सभा कशी बोलवायची, ठराव कसा लिहायचा, बाहेरच्या वकिलाला काय विचारायचं, हे सगळं त्यांना संस्थेच्या सभांनी शिकवलं होतं, आणि विरोध करायला लागणारा पैसा कोणाच्या अनुदानातून आलेला नव्हता.

शिखर संस्था दोन आहेत. १९६३ मध्ये फ्रोबिशर बे, म्हणजे आजच्या इकालुइटमध्ये, आणि १९६६ मध्ये पुविर्निटुकमध्ये सगळ्या संस्थांच्या परिषदा झाल्या. एकट्या वस्तीला घाऊक भाव मिळत नाही, हिशेबनीस मिळत नाही, बँक दारात उभी करत नाही, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलं. क्युबेककडच्या संस्थांनी १९६७ मध्ये आपला महासंघ काढला. त्यात आज नुनाविकची, म्हणजे उत्तर क्युबेकमधल्या इनुइट प्रदेशाची, १४ गावं आहेत आणि कचेरी मॉन्ट्रियलजवळ आहे. नुनावुत आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशांमध्ये १९६५ ची कलाविक्री संस्था आणि १९७२ चा महासंघ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र येऊन आर्क्टिक को-ऑपरेटिव्ह्ज लिमिटेड झाली; कचेरी विनिपेगला. केंब्रिज बेचे बिल लायल यांनी तिचं अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळलं. महासंघ खरेदी करतो, जहाजाची जागा ठरवतो, हिशेब तपासतो, संचालकांना प्रशिक्षण देतो, आणि एखादी संस्था बुडायला आली तर व्यवस्थापक पाठवून तिचा कारभार काही काळ हातात घेतो. हे शेवटचं काम अप्रिय असतं, पण त्यामुळेच बऱ्याच संस्था वाचल्या.

आता जहाजाकडे येऊ, कारण वस्तीचं वर्ष त्याच्याभोवती फिरतं.

नुनावुतमधल्या २५ वस्त्यांपैकी एकीलाही बाहेरून रस्ता नाही. ताजी भाजी, दूध, अंडी विमानाने येतात. बाकी सगळं समुद्रमार्गे, जुलै ते ऑक्टोबर या काळात. पूर्वेकडच्या वस्त्यांची जहाजं मॉन्ट्रियलजवळच्या बंदरांतून निघतात. काही वस्त्यांना हंगामात तीन-चार फेऱ्या मिळतात, ग्रीस फ्योर्डसारख्या टोकाच्या वस्तीला एखादीच. बहुतेक ठिकाणी धक्का नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं, स्वतःबरोबर आणलेले बार्ज (सपाट तळाच्या मालहोड्या) आणि त्यांना ओढणारे टग उतरवतं, आणि भरती बघून माल वाळूवर उतरवतात. तिथून संस्थेचा लोडर.

मागणी मात्र हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात नक्की करावी लागते. गेल्या वर्षीचा खप, मधल्या काळात संपलेल्या मालाची नोंद, वस्तीत झालेले जन्म, नव्या घरबांधणीचं कंत्राट आहे का, स्नोमोबाइलची कोणती मॉडेलं तरुण मागताहेत, हे सगळं धरून आकडा काढायचा. भाडं टनावर लागतं, आणि एक टन म्हणजे १,००० किलो किंवा २.५ घनमीटर, यांपैकी ज्याने जास्त भरेल ते. इथे नवखा फसतो. समजा लहान मुलांच्या डायपरचा एक पॅलेट १ × १.२ × १.८ मीटरचा आणि २५० किलोचा आहे. वजनाने तो पाव टन, पण आकाराने २.१६ घनमीटर, म्हणजे ०.८६ टनाचं भाडं. साखरेला उलट. म्हणून जड आणि हलका माल वेगवेगळा न बांधता एकाच कंटेनरमध्ये खाली साखर-पीठ, वर चिप्स आणि कागद असा भरतात.

माल आला की त्याच दिवशी, जहाज निघण्याआधी, फुटलेल्या खोक्यांची नोंद पावतीवर करून सही घ्यायची. नंतरचा दावा सहसा टिकत नाही. मग जागेचा प्रश्न. उबदार गोदाम छोटं असतं. त्यात आधी शीतपेयं, डबाबंद अन्न, रंग, शाम्पू, म्हणजे गोठून फुटणारं सगळं. पीठ, टॉयलेट पेपर, लाकूड बाहेर कंटेनरमध्ये चालतं. कंटेनरचं दार वाऱ्याच्या आडोशाला ठेवू नये, तिथेच बर्फाचा ढीग साचतो आणि फेब्रुवारीत फावड्याने दोन तास खणावं लागतं. दार नेहमीच्या वाऱ्याला समांतर ठेवलं तर वारा स्वतःच ते मोकळं ठेवतो.

आणि पैसा? समजा एका संस्थेने २० लाख डॉलरचा माल घेतला आणि तो बारा महिन्यांत सारख्या वेगाने विकला. सरासरी १० लाख अडकलेले. ७ टक्के व्याजाने ७० हजार डॉलर नुसतं व्याज. दक्षिणेतल्या दुकानात हाच माल काही आठवड्यांत फिरतो. या एका खर्चासाठी आर्क्टिकच्या संस्थांनी १९८६ मध्ये आपला स्वतःचा विकास निधी उभा केला. संस्था शिल्लक त्यात ठेवतात आणि जहाजाच्या मालासाठी त्यातूनच उचलतात, म्हणजे व्याजही घरातच राहतं. मला विचाराल तर संपूर्ण चळवळीतला हा सर्वांत हुशार निर्णय आहे.

जहाज आलंच नाही तर काय, हेही घडलं आहे. २०१८ च्या शरद ऋतूत बर्फामुळे पश्चिमेकडच्या केंब्रिज बे, कुगलुकटुक आणि पाउलाटुक या वस्त्यांच्या बार्ज फेऱ्या रद्द झाल्या, आणि बराच माल विमानाने आणावा लागला. विमानाने आलेल्या लाकडाच्या फळीचं घर परवडत नाही. त्या वर्षी न आलेलं बांधकाम साहित्य म्हणजे पुढच्या वर्षी न झालेली घरं.

सभासदाला काय मिळतं ते आता पाहू. भाग घेण्याची रक्कम थोडी असते, मत एकच, भाग कितीही असोत. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर आधी राखीव निधी, मग खरेदीच्या प्रमाणात परतावा. उदाहरण म्हणून आकडे घ्या: एका घराने वर्षात १२,००० डॉलरची खरेदी केली, परतावा ४ टक्के ठरला, तर ४८० डॉलर. त्यातले एक चतुर्थांश, १२०, रोख दिले आणि ३६० सभासदाच्या भागखात्यात जमा केले, तर संस्थेकडे खेळतं भांडवल राहतं आणि सभासदाचीही ठेव वाढते. महासंघ हाच हिशेब संस्थांशी करतो. त्यांनी महासंघाकडून केलेल्या खरेदीवर त्यांना परतावा. अडचण येते ती भागखातं परत करताना. जुने सभासद निवृत्त झाले, गाव सोडून गेले किंवा वारले की त्यांची रक्कम द्यावी लागते, आणि एकाच पिढीने संस्था सुरू केली असेल तर ही देणी एकदम उभी राहतात. वयानुसार देण्यांचं वेळापत्रक दहा वर्षं आधी मांडलं नाही तर चांगली चाललेली संस्थाही रोकडीसाठी अडते.

उधारी ही दुसरी दुखरी नस. शिकारीचं उत्पन्न हंगामी, बालक भत्ता महिन्याला एकदा, कोरीव कामाचा पैसा अनियमित. थोडी उधारी दिल्याशिवाय चालत नाही. पण ४०० माणसांच्या वस्तीत तीन-चार मोठी घराणी, संचालकाची पुतणी गल्ल्यावर, थकबाकीदार त्याच संचालकाचा मेव्हणा. इथे संस्था भांडणाने बुडत नाहीत, भिडेने बुडतात. उधारीची मर्यादा मंडळाने एकदा ठरवावी, सगळ्यांना सारखी लावावी, आणि मंडळापुढे महिन्याला एकूण थकबाकीचा आकडा व ती किती दिवसांची आहे एवढंच ठेवावं; नावांची यादी ठेवली की चर्चा नात्यांची होते.

व्यवस्थापकाचा प्रश्न आणखी अवघड. दक्षिणेतून आलेले बरेच जण वर्ष-दोन वर्षांत परततात. मार्चमध्ये एकाने मागणी नोंदवली, ऑगस्टमध्ये माल दुसऱ्याच्या हातात पडला, आणि डिसेंबरमध्ये तक्रारी तिसऱ्याने ऐकल्या, असं होतं. म्हणून मागणीची कारणं लिहून ठेवणं हे मागणीइतकंच गरजेचं आहे. नुनाविकच्या महासंघाने दुसरा रस्ता धरला: दुकानांचा कारभार स्थानिक माणसांच्याच हाती ठेवायचा आणि मॉन्ट्रियलहून प्रशिक्षक व हिशेब तपासनीस फिरते ठेवायचे. यात सुरुवातीची काही वर्षं चुका महागात पडतात, पण व्यवस्थापक गाव सोडून जात नाही. माझा कल याच पद्धतीकडे आहे.

सभा इनुक्टिटुट या इनुइट भाषेत होते, ताळेबंद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये येतो, मध्ये दुभाषी. घसारा, राखीव निधी, येणं-देणं या गोष्टी नुसत्या शब्दांनी कळत नाहीत. “गेल्या वर्षी लोडर घेतला, तो दहा वर्षांत झिजेल, म्हणून दरवर्षी त्याच्या किमतीचा दहावा भाग बाजूला ठेवतो” असं सांगितलं की सगळे समजतात. सर्वसाधारण सभेला गणपूर्ती व्हावी म्हणून अनेक ठिकाणी जेवण असतं, सोडत असते, गावच्या रेडिओवरून दिवसभर आमंत्रण चालतं. बाहेरच्याला ही जत्रा वाटते, पण वस्तीतल्या वयस्कर बायका व्यवस्थापकाला मांसाच्या भावावरून उभं-आडवं विचारतात ते याच सभेत.

रोजच्या जगण्यात संस्थेचा सगळ्यात मोठा हात तेलात असतो. घरं तेलावर तापतात. नुनावुत सरकार तेल जहाजाने आणून टाक्यांत साठवतं आणि वाटपाचं कंत्राट अनेक वस्त्यांत सहकारी संस्थेकडे असतं. उणे ४० तापमानात, वादळात टँकर अडकला तर काही तासांत घरातलं पाणी गोठतं, म्हणून चालकाच्या पर्यायी माणसाची व्यवस्था आणि टँकर उभा करायला गरम गॅरेज या दोन गोष्टींवर संस्था कंजुसी करत नाहीत. हॉटेलही तसंच महत्त्वाचं: दातांचे डॉक्टर, न्यायालयाचा फिरता चमू, विजेचा तंत्रज्ञ सगळे तिथेच उतरतात, आणि सरकारी दौऱ्यांचा पैसा गावात थांबतो. अनेक संस्थांमध्ये दुकानाचा तोटा हॉटेल आणि तेल भरून काढतात.

मग भाव कमी का होत नाहीत, हा सभासदांचा कायमचा प्रश्न. कारण भाड्यावर, तेलावर, विजेवर आणि पगारावर संस्थेचा ताबा नाही. बहुतेक वस्त्यांत शेजारीच हडसन्स बेच्या जुन्या उत्तरेकडील व्यवसायातून निघालेल्या नॉर्थ वेस्ट कंपनीचं दुकान असतं, आणि भाव दोन्हीकडे जवळपास सारखेच असतात. २०११ पासून न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा योजनेत केंद्र सरकार पौष्टिक मालावर किलोमागे अनुदान दुकानदारांना देतं आणि दुकानदाराने ते किमतीतून उतरवायचं. फरक उरतो तो शिल्लक कुठे जाते याचा. शेजारच्या दुकानाचा नफा भागधारकांकडे जातो, संस्थेचा नवा लोडर होऊन वस्तीतच उभा राहतो. हे सभासदाला दिसत नाही, त्याला दुधाची किंमत दिसते. त्यामुळे संस्थेने पावतीवरच अनुदानाची आणि परताव्याची रक्कम वेगळी छापावी, यावर माझा भर असतो.

१९८३ मध्ये युरोपने सील पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली तेव्हा इनुइट शिकारी मारत नसलेल्या पिल्लांच्या शिकारीच्या बदनामीने त्यांच्या रिंग्ड सीलचाही बाजार बसला. संस्थांचं कातड्याचं खातं जवळजवळ संपलं, शिकाऱ्यांच्या घरातली रोकड आटली, आणि काडतुसं-पेट्रोल घ्यायला पैसा नसल्यामुळे ताजं मांसही कमी झालं. त्या दशकात ज्या संस्थांकडे हॉटेल, तेल किंवा कला यांपैकी दुसरं काही होतं त्या तगल्या. नुसत्या कातडी-मासळीवरच्या संस्थांना महासंघाचा आधार घ्यावा लागला.

एक सावधगिरी: हे सगळं कॅनडाचं आहे, ते सरसकट ग्रीनलंड किंवा अलास्काला लावू नका. ग्रीनलंडमध्ये लहान वस्त्यांतली दुकानं पिलर्सुइसोक या सरकारी मालकीच्या साखळीची आहेत. ग्राहक सहकार तिथे १९९१ पासून ब्रुग्सेनीच्या रूपात आहे, पण तो मुख्यतः मोठ्या गावांत. अलास्कात १९६९ पासूनची ऊमिंगमाक ही कस्तुरी बैलाच्या लोकरीची सहकारी संस्था आहे. तिच्या सभासद बहुतेक युपिक आणि इनुपियाट या अलास्कातल्या मूळ लोकांच्या गावांतल्या विणकर बाया आहेत, प्रत्येक गावाची विणीची नक्षी ठरलेली असते, आणि लोकर टपालाने जाते, विणलेला स्कार्फ टपालाने परत येतो. तिथे दुकान, तेल, हॉटेल यांतलं काहीच नाही.